प्रिंटमधून फोटो गायब का होतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निकाल लागले की प्रवेशाच्या फॉर्मची गर्दी सुरू होते आणि त्याबरोबर आमच्या दुकानातली जुनी कटकट पण. फॉर्म भरून होतो, फी जाते, प्रिंट काढली की नाव, मार्क, कॅटेगरी सगळं व्यवस्थित आणि फोटोच्या जागी नुसती रिकामी चौकट, सहीचं पण तेच. कॉलेजच्या काउंटरवरून पोराला परत पाठवतात आणि आईवडील येऊन आम्हालाच झापतात की तुमचा प्रिंटर खराब आहे. अहो प्रिंटरला जे मिळालं ते त्याने छापलं!

दुकान टाकायच्या आधी मी वेबसाइटचीच कामं करायचो म्हणून सांगतो, ब्राउझर पानाच्या कोडला दोनदा कळवतो. एचटीएमएल, म्हणजे पानाचा मूळ सांगाडा, वाचून झालं की 'डॉमकंटेंटलोडेड' नावाचा इशारा, आणि त्यातले फोटो, स्टाइलशीट (पानाची सजावट सांगणारी फाइल) वगैरे आलं की 'लोड' नावाचा. पण हल्ली फॉर्मचा प्रिव्ह्यू जावास्क्रिप्ट (पानात चालणारा कोड) मागाहून बनवते, फोटो त्यात नंतर टाकला जातो, तोवर लोड कधीच होऊन गेलेला असतो आणि तो काही परत येत नाही. त्यात २०१९ पासून क्रोममध्ये लेझी लोडिंग आलंय, म्हणजे फोटो दिसायच्या बेतात आला की मगच आणायचा, तसा लावलेला फोटो स्क्रीनच्या बराच खाली असेल तर लोड त्याच्यासाठी थांबत पण नाही.

मग साइटवाले काय करतात, तर सेटटाइमआउट, म्हणजे ठरावीक वेळ थांबून मग काम करायची सूचना, टाकून दोन सेकंद थांबतात. त्यांच्या ऑफिसच्या फायबरवर दोन सेकंद पुष्कळ झाले हो, इकडे तालुक्याला दुपारी नेट कसं चालतं ते येऊन बघा म्हणावं.

खरं तर प्रत्येक फोटोला स्वतःचा लोड आणि एरर असतो, दोन्हीवर लक्ष ठेवायचं आणि सगळ्यांचा निकाल लागला की मगच प्रिंटचं बटण चालू करायचं, एवढंच काम आहे. फक्त फोटो कॅशमधून (ब्राउझरने साठवून ठेवलेल्या प्रतीतून) आधीच आलेला असेल तर नंतर लोडची वाट बघत बसणारा बसूनच राहतो, म्हणून आधी फोटोचं 'कम्प्लीट', म्हणजे तो आणायचं काम संपलं का ते, तपासायचं. आणि कम्प्लीट आलं म्हणून लगेच खूश पण नाही व्हायचं, कारण फुटलेल्या फोटोला सुद्धा ब्राउझर कम्प्लीटच म्हणतो, तिथे नॅचरलविड्थ (फोटोची मूळ रुंदी) शून्य आहे का ते बघावं लागतं. हे न बघता साइट चालू करून टाकणारे भरपूर आहेत.

पोर्टल बनवणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे की फोटो, सही आणि क्यूआर कोड येईपर्यंत बटण बंद ठेवा, आणि आलं नाही तर 'फोटो आला नाही, पुन्हा प्रयत्न करा' असं मराठीत स्पष्ट लिहा. तोवर पालकांनी प्रिव्ह्यू शेवटपर्यंत खाली नेऊन तिन्ही गोष्टी डोळ्यांनी बघाव्यात आणि मगच प्रिंट म्हणावं.

आपला,
फॉर्म भरून देणारा एक दुकानदार, सांगली