जुन्या पिकअपचे ब्रेक : आधी मास्टर सिलिंडर बदला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुन्या जीप-पिकअप हौसेने जपणारी बरीच माणसे आमच्या खानापूर तालुक्यात आहेत आणि त्यांतले काहीजण पुढच्या चाकांचे ड्रम (चाकाबरोबर फिरणारे डबे, ज्यांना आतून शू दाबून ब्रेक लागतो) काढून डिस्क ब्रेक (फिरणाऱ्या चकतीला दोन्ही बाजूंनी चिमटणारे) बसवून घेत आहेत. हा बदल योग्यच आहे. चोर्ला घाट उतरताना ब्रेक सतत धरून ठेवला की ड्रम तापून प्रसरण पावतो, शूवरच्या लायनरची (घर्षण-पट्टीची) पकड सुटते आणि पेडल खाली खाली जाऊ लागते. हे ज्याने एकदा अनुभवले, त्याला डिस्कचे मोल सांगावे लागत नाही.

माझी चिंता वेगळी आहे. वडिलांच्या पिकअपला आम्ही डिस्क बसवल्या, पण मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलला दाब देणारा मुख्य पंप, जुना, एकाच सर्किटचा (चारही चाकांना एकाच मार्गाने दाब देणारा), तसाच राहिला. कणकुंबी सोडून घाटाला लागल्यावर मागच्या एका व्हील सिलिंडरचे (ऑइलच्या दाबाने चाकातले शू ढकलणाऱ्या भागाचे) रबर फाटले, सगळे ऑइल तिथून वाहून गेले आणि पुढे नव्याकोऱ्या डिस्क असूनही पेडल तळाला टेकले. शेजारी आई बसली होती. खालचे गिअर टाकत आणि हँडब्रेक ओढत गाडी कशीबशी थांबवली. पुढच्या व मागच्या चाकांना स्वतंत्र दाब देणारा दुहेरी मास्टर सिलिंडर असता, तर निदान पुढची चाके धरली असती.

शिवाय ड्रममधला शू चाकाच्या फिरण्यानेच आणखी आवळला जातो. डिस्कला तशी मदत मिळत नाही, म्हणून पायाला जास्त जोर लागतो आणि बूस्टरची, म्हणजे इंजिनाच्या व्हॅक्यूमवर पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाची, गरज पडते. डिझेल इंजिनच्या मॅनिफोल्डमध्ये (हवा आत घेणाऱ्या नळीत) पेट्रोल इंजिनाइतका व्हॅक्यूम तयार होत नाही, त्यामुळे वेगळा व्हॅक्यूम पंप नसेल तर बूस्टर बसवूनही उपयोग नाही. रिकाम्या पिकअपची मागची बाजू हलकी असते. मागच्या ब्रेकचा दाब व्हॉल्व्हने मर्यादित केला नाही, तर पावसात मागची चाके जाम होऊन गाडी आडवी फिरते.

ड्रम खरादणे किंवा ब्रॅकेट घडवणे बेळगावच्या उद्यमबागेत अवघड नाही, तिथले कारागीर त्यात निष्णात आहेत. गॅरेजवाल्यांना माझी कळकळीची विनंती एवढीच, की डिस्कचा खर्च सांगताना दुहेरी मास्टर सिलिंडरचा खर्चही त्याच अंदाजपत्रकात धरावा आणि गिऱ्हाईक नको म्हणाले, तर डिस्कचे कामही हाती घेऊ नये.

आपला,
एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)