जागा आवरणं हलकं काम नव्हे

देवगड,
नारळी पौर्णिमेचा दुसरा दिवस

चि. मनीस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझा आवाज उतरला होता. एवढं शिकून बूटलोडरच्या, म्हणजे यंत्र सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या, कोडातल्या मोकळ्या जागा पुसायला बसवलंय, म्हणालीस. रात्रभर तेच डोक्यात होतं.

हे काम मी केलंय आणि त्यात चुकलेही आहे. एका सर्किट बोर्डाच्या फायली आवरताना रॅम सुरू करण्याच्या कोडातला विलंबाचा एक आकडा मी जाता जाता बदलला आणि सगळं एकाच पॅचमध्ये, म्हणजे बदलांच्या एकाच गठ्ठ्यात, पाठवलं. दोनेक हजार ओळी हललेल्या. तपासणाऱ्याला ती एक ओळ दिसणार कशी? पुढे काही बोर्ड यू-बूट या बूटलोडरने छापलेल्या ‘डीरॅम’ या शब्दापाशी येऊन गप्प होत. त्या आकड्यापायी तीन रात्री गेल्या.

म्हणून जागा आवरायचा पॅच वेगळा ठेव. टॅब आठ रकान्यांचा, ओळीच्या शेवटी रिकामी जागा नाही, हे लिनक्स कर्नेलचेच, म्हणजे लिनक्स प्रणालीच्या गाभ्याचेच, नियम यू-बूट पाळतं. पण सरसकट टॅब उडवू नकोस, कोड बांधायच्या मेकफाइल या फायलीतल्या आज्ञा टॅबवाचून चालत नाहीत. अवतरणातल्या जागांनाही हात लावू नकोस. कर्नेलला सुरू होताना द्यायचे पर्याय, म्हणजे बूटआर्ग्ज, तिथेच असतात. मग आधीची आणि नंतरची बायनरी, म्हणजे कोडापासून तयार झालेली यंत्रभाषेतली फाइल, बाइट न् बाइट ताडून बघ. बिल्डची, म्हणजे ती तयार करण्याची, वेळ बायनरीत शिरते, ती ‘सोर्स डेट इपॉक’ या सेटिंगने बांधून ठेव. ओळी कमीजास्त झाल्या असतील तर ओळक्रमांकांमुळेही फरक दिसतो. तेव्हा बायनरी उलगडून दाखवणाऱ्या ऑब्जडंपने त्यातल्या प्रोसेसरच्या सूचना वाच.

गिट ब्लेममध्ये, म्हणजे कुठली ओळ शेवटी कुणी बदलली ते दाखवणाऱ्या यादीत, बदललेल्या प्रत्येक ओळीवर तुझंच नाव येईल. गिट २.२३ पासून, म्हणजे २०१९ पासून, असे कमिट, म्हणजे नोंदवलेले बदल, वगळायची यादी देता येते. त्यात तुझ्या कमिटचा हॅश, म्हणजे ओळखक्रमांक, नोंदव.

आणि ओळीच्या आधीचा समास फसवतो गं. २०१४ साली अ‍ॅपलच्या कोडात ‘गोटू फेल’ (‘फेल’कडे उडी मार) ही ओळ दोनदा पडलेली सापडली. दुसरीही वरच्या ‘इफ’ या अटीच्या पोटात असल्यासारखी दिसायची, पण नव्हती, आणि सुरक्षेची तपासणीच टळत होती. कोड यंत्रभाषेत आणणाऱ्या जीसीसी कंपायलरच्या सहाव्या आवृत्तीपासून अशा समासाबद्दल इशारा मिळतो. तो बंद करू नकोस.

काल बंदरात नारळ सोडला. आता होड्या बाहेर पडतील. काळोखात तांडेल बटण दाबतो तेव्हा पडद्यावर नकाशा येण्याआधी जे चालतं, ते तुझ्या हातात आहे, मनी.

चतुर्थीला येताना लॅपटॉप आण. पडवीत बसून पहिला पॅच दोघी मिळून वाचू.

तुझी,
आई