आई, गँडरला जाऊन आले

सेंट जॉन्स, न्यूफाउंडलंड, कॅनडा
20 ऑगस्ट 2023

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. जेवण वेळेवर, झोप पुरेशी, आणि कामाचं तुम्हाला ठाऊकच आहे. आई, परवा फोनवर तू म्हणालीस, "नाटक बघायला साडेतीनशे किलोमीटर? सांगलीत काय नाटकं कमी होती?" तेव्हा मी विषय बदलला. सांगायला लागले असते तर रडले असते, आणि मग तू रात्रभर जागी राहिली असतीस. म्हणून लिहिते आहे.

आधी तुझ्या शंका. एकटी गेले नव्हते. ऑफिसातल्या एक बाई आहेत, तुझ्याच वयाच्या, त्यांच्या गाडीतून गँडर गावी गेलो. रात्री रस्त्यावर मूस येतात, म्हणजे सांबराच्या जातीचं पण घोड्याहून उंच जनावर, म्हणून त्या अंधारात गाडी चालवतच नाहीत. आम्ही गँडरलाच मुक्काम केला आणि उजाडल्यावर निघालो. तिकीट महाग होतं, पण ते माझ्या खर्चातून काढलं. घरी पाठवायच्या पैशांना हात लावलेला नाही.

नाटकाचं नाव 'कम फ्रॉम अवे'. बाबा, हे संगीत नाटकच, पण पद संपलं की संवाद असं इथे नाही. बोलता बोलता गाणं सुरू होतं आणि गाता गाता माणूस दुसऱ्याच पात्रात शिरतो. सगळे मिळून बारा कलावंत. टोपी बदलली की गावातला माणूस विमानातला प्रवासी होतो. खुर्च्या ओळीत मांडल्या की विमान, फिरवून मांडल्या की गावातलं हॉटेल. वादक रंगमंचावरच असतात. त्यात आपल्या डफासारखं एक वाद्य आहे, बोरान म्हणतात. त्याचा ठेका सुरू झाला की जमिनीतून पायांत येतो. शंभर मिनिटं, मध्यंतर नाही. वन्स मोअरही नाही. तुम्ही असतात तर दिला असतात, आणि मी तुमच्या शेजारी बसून तो ऐकला असता.

गोष्ट खरी घडलेली आहे. 11 सप्टेंबर 2001 ला दहशतवादी हल्ले झाले आणि अमेरिकेने आपलं आकाश बंद केलं, तेव्हा अटलांटिकवरून येणारी 38 प्रवासी विमानं गँडरला उतरवली. जवळजवळ सात हजार माणसं, आणि गावाची वस्ती जेमतेम दहा हजार. एवढ्याशा गावाला एवढा मोठा विमानतळ, कारण पूर्वी अटलांटिक ओलांडणारी विमानं तिथे इंधन भरायला थांबायची. संपावर असलेले बसचालक संप बाजूला ठेवून आले, शाळांमध्ये अंथरुणं पडली, आइस हॉकीच्या मैदानावर अन्न साठवलं. विमानांत कुत्री-मांजरं होती, दोन बोनोबो वानरं होती, त्यांचंही खाणंपिणं गावातल्या लोकांनी बघितलं. 2011 मध्ये, या गोष्टीला दहा वर्षं झाली तेव्हा, आयरिन सँकॉफ आणि डेव्हिड हाइन हे नवराबायको गँडरला आले, लोकांच्या तोंडून हे सगळं ऐकलं आणि त्याचं नाटक केलं. 2017 मध्ये ते न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर गेलं. या उन्हाळ्यात ते गँडरमध्येच चालू आहे. माझ्या शेजारी एक आजोबा होते. त्यांनी तेव्हा घरातल्या गाद्या नेऊन दिल्या होत्या. प्रयोगभर ते मांडीवर हात ठेवून ताठ बसले होते, आणि मला सारखं त्यांच्याकडे बघावंसं वाटत होतं.

आता ती माशाची गोष्ट, कारण ताईने फोटो तुम्हाला दाखवलाच असेल. नाटकातही तो प्रसंग आहे. बाहेरून आलेल्या माणसाला आपलंसं करून घ्यायचा इथे एक विधी असतो, स्क्रीच-इन. स्क्रीच ही रम. पूर्वी इथला खारवलेला मासा वेस्ट इंडीजला जायचा आणि तिकडून रम यायची, तेव्हापासूनची. एकजण कोळ्यांची टोपी घालून उभा राहतो, घोटभर रम देतो, त्यांच्या बोलीतलं एक वाक्य म्हणायला लावतो आणि मग खरा कॉड मासा तोंडापुढे धरतो. त्याचा मुका घ्यायचा. मासा मेलेला असतो, बर्फात गोठवलेला, वास येत नाही. झालं की प्रमाणपत्र मिळतं. सगळे हसतात, टाळ्या वाजवतात, पण आई, हा नुसता पोरखेळ नाही. या बेटाची कित्येक शतकं कॉडवर गेली. 1992 मध्ये कॉड संपत आला म्हणून सरकारने मासेमारी बंद केली आणि तीस हजारांच्या आसपास लोकांचं काम गेलं. ज्या माशावर घरं चालली त्याच्यापुढे पाहुण्याला वाकायला लावतात, मला तरी ते असंच वाटतं. माझ्या ग्लासात थंड चहा होता, रंगामुळे फोटोत तसं दिसतं. मासा फक्त ओठाला लागला. आणि हे मे महिन्यात झालं, अधिक लागायच्या कितीतरी आधी. श्रावण मी पाळते आहे.

मला जे सांगायचं आहे ते पुढेच आहे. नाटकात एक जागा येते, अडकलेली माणसं आपापल्या देवाला हाक मारतात. एक ख्रिस्ती प्रार्थना सुरू होते, तिच्यात ज्यूंची मिसळते, मुसलमानांची मिसळते, आणि त्यातच कुणीतरी 'असतो मा सद्गमय' म्हणायला लागतं. गँडरमध्ये, आई! मला शाळा आठवायला हवी होती, पण आठवली आजी. शुभंकरोति झालं की ती हेच म्हणायची, आणि 'मृत्योर्मा'पाशी तिचा आवाज खाली यायचा. मी ओठांतल्या ओठांत म्हणत राहिले. रंगमंचावरचं गाणं पुढे गेलं तरी माझं चालूच होतं.

2021 च्या मे महिन्यात आजी गेली, तेव्हा करोनामुळे विमानं बंद होती. तू फोनवर म्हणालीस, "येऊन तरी काय करणार होतीस? आम्हालाच जवळ जाऊ देत नव्हते." मला धीर द्यायला म्हणालीस, ते तेव्हाही कळलं होतं. मी 'हो' म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागले. नाटकात एक आई आहे, हॅना. तिचा मुलगा न्यूयॉर्कमध्ये अग्निशमन दलात, आणि ती इथे अडकलेली. ती फोनजवळून हलत नाही. पुन्हा पुन्हा निरोप ठेवते, तो कुठे आहे विचारते, आणि एक गावकरीण तिच्याजवळ बसून राहते. तिला बघताना मला तू दिसत होतीस. 2020 च्या जानेवारीत इथे एका दिवसात 76 सेंटिमीटर बर्फ पडला, तेव्हा तूही फोन घेऊन अशीच बसली होतीस, हे ताईने मला फार उशिरा सांगितलं. आजीसाठी मी दोन वर्षांत रडले नव्हते, ते त्या खुर्चीत बसून रडले. बरोबरच्या बाईंनी काही विचारलं नाही, नुसता रुमाल दिला. शेवटी वादक पुढे येऊन वाजवत राहिले, सगळं नाट्यगृह उभं राहिलं, आणि शेजारचे आजोबाही टाळ्या वाजवत होते. मला फार बरं वाटलं. आता अगदी बरी आहे, खरंच.

पैशांचं. बाबांच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतरवर ढकलू नका. पैसे या आठवड्यात खात्यावर येतील, एफडी मोडायची नाही. शिक्षणाच्या कर्जाचे हप्ते मार्चपर्यंत संपतात, मग गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घेऊ. या पावसाळ्यात गळती कुठे होते तेवढं खडूने खुणा करून ठेवा.

इस्लामपूरच्या स्थळाचं. माझा नकार नाही. फोटो बघितला, माणसं चांगली वाटतात. पण तो इकडे यायला तयार आहे का, हे त्याने स्वतः मला सांगायला हवं. त्याचा नंबर पाठवा, मी बोलेन. तुम्ही मध्ये अवघडून बसू नका. गणपतीला आणि दिवाळीला येणं होणार नाही, रजा फेब्रुवारीतच आहे. गौरी आणायला यंदाही ताईलाच यावं लागेल, तिला माझ्याकडून साडी घ्या. आई, तुझ्यासाठीही घे, जुनीच नेसून बसू नकोस.

आणि पुढच्या जूनमध्ये तुम्ही दोघं इकडे या. कागदपत्रं मी करते. बाबांचा पासपोर्ट चालेल, आईचा संपला आहे. या आठवड्यात अपॉइंटमेंट घ्या, आणि येताना आजीची पोथी आणा, लाल कापडातली.

तुमची,
धाकटी