चौघांनी घेरलं तर?

महोदय,

नातीच्या शाळेत मुलींसाठी स्वसंरक्षणाचं दोन दिवसांचं शिबिर झालं. मनगट सोडवणं, कोपर मारणं शिकवलं. समोर नेहमी एकच, तीही मैत्रीण. ‘चौघे आले तर?’ असं नातीनं विचारलं, तर सगळ्या हसल्या.

मी तरुणपणी तालमीत लाठी फिरवली आहे. वस्तादांचा पहिला धडा पायांचा. मधे सापडायचं नाही, कडेकडेनं असं सरकायचं की सगळे एकामागे एक येतील. मग एका वेळी एकच भिडतो. खाली पडलात की संपलं. वाट दिसली की पळायचं, त्यात लाज कसली? आमच्या मर्दानी खेळातले (पारंपरिक शस्त्रकलेतले) लाठीचे चौफेर हात, म्हणजे चहूबाजूंनी लाठी फिरवणं, अनेकांना दूर ठेवण्यासाठीच आहेत.

शिबिरात पळण्याचा सराव नाही, तातडीच्या मदतीचा 112 क्रमांकही सांगितला नाही. फोटो मात्र भरपूर काढले.

– एक आजोबा, शिवाजी पेठ, कोल्हापूर