पंखा बंद करून

बडोदा, दांडिया बाजार
रविवार, दुपारचे तीन

ती. बाबा आणि ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर आपलं बोलणं नीट होतच नाही. बाबांना अर्धं ऐकू येत नाही, ते अर्धं आई त्यांना मधेच समजावून सांगते, आणि तोवर मी काय सांगत होते ते माझंच मला आठवत नाही. म्हणून हे पत्र. अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे, चष्मा शोधत बसू नका.

मागच्या रविवारी आईने विचारलं होतं, "चित्रकार म्हणजे एका जागी बसलेला माणूस. त्याचं तू तीन-तीन दिवस शूटिंग काय करतेस?" मी तेव्हा हसण्यावारी नेलं. पण आई, प्रश्न बरोबर आहे. पहिले चार-पाच महिने माझ्याकडेही त्याचं उत्तर नव्हतं. मी जायचे, खुर्ची मांडायचे, मागे एखादं मोठं कॅनव्हास दिसेल असं बघायचे, कॉलरला माईक लावायचे आणि विचारायचे, तुम्हाला सुचतं कसं? माणसं चांगली, पण या प्रश्नाला सगळे एकच उत्तर देतात. बालपण, आजी, गावाकडची नदी. सहा जणांच्या सहा नद्या झाल्यावर मी तो प्रश्न टाकून दिला.

मला शहाणं केलं ते फतेहगंजातल्या एका बाईंनी. तुझ्याच वयाच्या. घराच्या गॅरेजमध्ये छपाईचा हातप्रेस आहे, तिथे त्या एचिंग करतात. पहिल्या दिवशी त्यांनी मला कॅमेरा पिशवीतून काढूच दिला नाही. म्हणाल्या, आधी कागद भिजवायला हात लाव. दुपारभर मी जाड कागद पाण्यातून काढून टिपकागदांत रचत बसले. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, आता काढ तुझं यंत्र.

ते काम असं असतं. जस्ताच्या पत्र्यावर काळसर मेणाचा पातळ थर देतात आणि सुईने त्या थरात चित्र काढतात. सुई जिथे फिरते तिथे पत्रा उघडा पडतो. मग पत्रा नायट्रिक ॲसिड घातलेल्या पाण्यात ठेवायचा. ॲसिड फक्त उघडी रेष खातं, मेण त्याला खाता येत नाही. थोड्या वेळाने त्या रेषांवर बारीक बुडबुडे धरतात. ते तसेच राहिले तर खाली ॲसिड सारखं लागत नाही आणि रेष उंदराने कुरतडल्यासारखी होते. म्हणून बाई हातात पक्ष्याचं एक पीस घेऊन ते बुडबुडे सारत राहतात. तू दुधावरची साय बोटाने सारतेस ना, तसं. दाबायचं नाही, टेकायचं नाही.

मी ते पीस एकवीस मिनिटं शूट केलं. दुसरं काहीच नाही. चौदाव्या मिनिटाला, मी काही न विचारता, त्या बोलायला लागल्या. मुलं लहान असताना नऊ वर्षं त्यांनी पत्र्याला हात लावला नव्हता. या प्रेसवर गाद्या रचलेल्या असायच्या. पाहुणे आले की गाद्या उतरायच्या, गेले की पुन्हा चढायच्या. "गाद्या उतरवल्या की मी एकदा चाक फिरवून बघायची, गंजलंय का," एवढं म्हणाल्या आणि पीस ठेवून पत्रा बाहेर काढला. समोर बसवून विचारलं असतं तर मला पुन्हा एक नदीच मिळाली असती.

पुढचं थोडक्यात. मेण पुसायचं, रेषांमध्ये शाई भरायची, वरची जाळीदार कापडाने पुसायची, शेवटचा हात तळहाताचा. मग ओला कागद, वर फेल्ट, आणि चाक. छाप उलटा उमटतो, म्हणून पत्र्यावर अक्षरं काढायची तर आरशातल्यासारखी काढावी लागतात. बाई भाजीची यादी करावी इतक्या सहज उलटं गुजराती लिहितात. मी माझं नाव तसं लिहून पाहिलं, त्यातला 'श' अजून त्यांच्या कोपऱ्यातल्या एका पत्र्यावर लटपटतो आहे.

आता पंख्याचं. बाबा, तुम्ही म्हणता मी वाळले आहे. ती पंख्याची कृपा. छतावरचा पंखा चालू असला की माईकमध्ये घरघर येते, आणि बडोद्याच्या मे महिन्यात पारा त्रेचाळीसवर असताना मी लोकांच्या घरी जाऊन पहिली गोष्ट काय करते, तर पंखा बंद करायला सांगते. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, एका शिल्पकाराची शेड आहे, वर पत्रे. तिथल्या मदतनिसाने मला हातच जोडले, "बेन, मरी गया." अर्धवट झालेल्या मातीच्या मूर्तीला ओलं गोणपाट गुंडाळलेलं होतं. त्या शेडमध्ये सगळ्यात सुखी तीच.

वर आमच्या कामात आणखी एक तऱ्हा आहे. शूटिंग संपलं की सगळ्यांनी मिनिटभर गप्प उभं राहायचं आणि नुसता खोलीचा आवाज रेकॉर्ड करायचा. एडिटिंग करताना दोन वाक्यांमधली फट भरायला तो लागतो. फट कोरी ठेवली तर ऐकताना पायरी चुकल्यासारखं होतं. लोकांना आधी हसू येतं. मग ऐकू यायला लागतं. फतेहगंजात कबुतरं आणि लांबची गाडी. मकरपुऱ्यात शेजारच्या शेडमधलं लेथ, रविवारीसुद्धा. आपल्या घरात मी एकदा सहज रेकॉर्ड केलं, तर माजघरात काहीच नाही, आणि तरी ते आपलंच माजघर आहे हे मला डोळे मिटून कळेल. कसं ते सांगता येत नाही. कदाचित खालच्या काकूंच्या मोरीतल्या थेंबामुळे. (तो नळ अजून गळतो. प्लंबर दोनदा आला आणि दोनदा चहा पिऊन गेला.)

पैशांचं विचारलंत. सकाळी साडेआठ ते एक मी एका सीएंच्या ऑफिसात टॅलीवर बसते, भाडं आणि किराणा त्यातून निघतो. तोंड वाकडं करू नका. भूपेन खक्खर 1962 मध्ये मुंबईहून या गावात आले ते चार्टर्ड अकाउंटंट होऊन, आणि पुढे कितीतरी वर्षं अर्धा दिवस हिशेब बघून उरलेल्या दिवसात चित्रं काढत. घड्याळजी, न्हावी, असली आपल्या गल्लीतली माणसं त्यांनी रंगवली. मी काही खक्खर नाही, माहीत आहे. पण बडोद्यात अर्धा दिवस जमाखर्च सांभाळून उरलेला दिवस कलेत घालवला तर कोणी वेडं समजत नाही, एवढंच सांगायचं आहे.

आणि आई, 'हे खूळ तुझ्यात आलं कुठून' असं तू दर वेळी म्हणतेस, त्यात थोडा वाटा तुझ्या माहेरचा आहे. इथल्या फाइन आर्ट्स कॉलेजला 1950 मध्ये चित्रकला विभाग उभा करायला आले ते बेंद्रे तुझ्या इंदूरचे, देवळालीकर सरांच्या हाताखाली तयार झालेले. बाकीचा वाटा बाबांच्या गावाचा. सिनेमावाले दादासाहेब फाळके शिकले ते आपल्या कलाभवनात. म्हणजे दोन्हीकडून आहे, मला एकटीला बोलून उपयोग नाही.

परवा कीर्तिमंदिरात गेले होते. नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं, 1939 ते 1946 अशी सात वर्षं त्यांचं काम मधून मधून चाललं. शाळेच्या सहलीत आम्ही तिथे कुजबुजत रांगेने फिरलो होतो आणि बाहेर आल्यावर मला फक्त गारेगार फरशी आठवत होती. आता गंगावतरणासमोर उभी राहिले तर डोक्यात भलतंच. खाली रंग कोण कालवत होतं? माचाणावर त्यांचा चहा कोण पोचवत होतं? जेवायला उतरायचे की डबा वरच खायचे? माझी नजरच बिघडली आहे. चित्र दिसायच्या आधी डबा दिसतो.

एक वाईट गोष्टही लिहून टाकते, नाहीतर दादाकडून कळेल. एका गॅलरीने फतेहगंजच्या बाईंची फिल्म मागितली होती. बारा मिनिटांची फिल्म पाहून म्हणाले, नव्वद सेकंदांची करा, खाली सतार टाका, आणि ते पीस काढा, कळत नाही. मी सतार टाकली. हो, टाकली, पैसे हवे होते. पीस काढलं नाही. मग त्यांनी फिल्मच घेतली नाही आणि पैसेही दिले नाहीत. दोन दिवस मी खूप चिडचिड केली, काकूंच्या थेंबावरसुद्धा. तिसऱ्या दिवशी बाईंना सांगायला गेले तर त्या म्हणाल्या, सतार कशी होती?

आता ज्याच्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं ते. बाबा, रागावू नका.

अलकापुरीत एक चित्रकार आहेत, सत्तरीचे. नसरीन मोहमदी इथे शिकवायच्या तेव्हाचे त्यांचे विद्यार्थी. नसरीनबाईंची रेखाटनं मी तुम्हाला दादाच्या लॅपटॉपवर दाखवली होती, नुसत्या बारीक रेघा, आणि तुम्ही म्हणाला होतात, "हे तर ड्रॉइंग ऑफिसचं काम आहे." ते खरंच होतं, त्या ड्राफ्टिंगचीच अवजारं वापरायच्या. हे गृहस्थही तसेच, टी-स्क्वेअर आणि सेट-स्क्वेअर घेऊन रेघा मारतात. शूटिंगच्या वेळी मी हेडफोन लावून बसले होते. माईक त्यांच्या शर्टाला. रेघ सुरू झाली आणि हेडफोनमधला श्वास थांबला. आठ-दहा सेकंद काहीच नाही. रेघ कागदाच्या टोकाला पोचली आणि मग श्वास सुटला.

मला एकदम आपलं माजघर आठवलं. रविवारी तुम्ही घरी आणलेलं काम करत असायचात आणि आम्ही दाराशी उभे. रेघ संपेपर्यंत तुम्ही हो म्हणायचा नाहीत, नाही म्हणायचा नाहीत, मान वर करायचा नाहीत. सहलीचे पैसे मागायला मी रेघ संपायची वाट बघत उभी राहायचे. लहान रेघ असली तर बरं वाटायचं.

घरी येऊन मी माळ्यावरची ट्रंक उघडली आणि ड्रॉइंगच्या अवजारांची तुमची निळ्या मखमलीची पेटी काढली. न विचारता. दुसऱ्या दिवशी त्यांना दाखवायला नेली. डिव्हायडर, बो-कंपास वगैरे त्यांनी बघून ठेवून दिलं, पण शाईच्या रेघा ओढायचं रूलिंग पेन हातात घेतलं आणि ठेवेचनात. दोन्ही पाती उजेडात धरून बघितली, स्क्रू आवळला, सैल केला, ड्रॉपरने शाई दोन पात्यांच्या मध्ये सोडली आणि एक रेघ ओढली. रेघ तीन इंच छान गेली आणि मग भळकन डाग. "पाती बोथटली आहेत," म्हणाले, "आणि एक पातं दुसऱ्याहून केसभर आखूड झालं आहे. वडिलांना विचारा, ते कशावर लावायचे. मी गेली वीस वर्षं तयार पेनं वापरतोय, माझा हात गेला."

मला एवढं आठवतं की एक काळा दगड होता, लांबट, आणि त्यावर तुम्ही शिलाई मशिनचं तेल टाकायचात म्हणून आई ओरडायची. दगड मला ट्रंकेत सापडला नाही. आई, तू कुठे ठेवलास का? आणि बाबा, पातं आतून घासायचं की फक्त बाहेरून? स्क्रू घट्ट आवळून की सुटा करून? टोक गोल ठेवायचं म्हणतात ते किती गोल?

पेन मी त्यांच्याकडे ठेवून आले आहे, पेटी घरी आहे. तुम्ही नको म्हणालात तर उद्याच्या उद्या परत आणीन.

पण हे लिहून पाठवू नका, तुम्ही चार ओळींत संपवाल. दादाला फोनवर रेकॉर्ड करायला सांगा आणि हातात एखादं पेन धरून सावकाश बोला, जितका वेळ लागेल तितका. रेकॉर्डिंग चालू असताना पंखा बंद ठेवा. आणि आई, तेवढा वेळ कुकर लावू नकोस.

तुमची
धाकटी

ता. क. : केशर आंब्यांची पेटी पाठवते आहे. वरच्या थरातले लगेच खा, खालचे चार दिवस गवतातच राहू द्या.