आई, हाताचं माप पाठव

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर हे सांगायला घेतलं की दर दोन वाक्यांनी बाबा "पण किंमत काय?" विचारतात आणि आई मागून "मला नको गं काही" म्हणते. मुद्दा राहतो बाजूला. म्हणून सरळ लिहूनच काढते. आई, तुला जेडची बांगडी घ्यायचं मी ठरवलंय, आणि कोणती तेही जवळपास ठरलंय. तुझ्याकडून फक्त हाताचं माप हवंय. ते कसं घ्यायचं हे पुढे सांगते. आधी तू पाठवलेल्या त्या फोटोचं बोलू.

ती बांगडी घेऊ नकोस. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकसारखा हिरवागार रंग, वर 'अस्सल जेड' असं लिहिलेलं, आणि भाव भाजीच्या पिशवीएवढा! त्या रंगाचा खरा दगड त्या भावात कुणी देणार नाही. बहुतेक ते रंगवलेलं क्वार्ट्झाइट असणार. बाजारात त्याला 'मलेशिया जेड' म्हणतात आणि त्यात जेड औषधालाही नसतं. हिरव्या अ‍ॅव्हेंच्युरिनला 'इंडियन जेड' म्हणून खपवतात, सर्पेंटाइनला 'न्यू जेड' म्हणून. हे दगड वाईट नाहीत, पण जेड म्हणून पैसे मोजायचे तर जेडच मिळायला हवं ना.

बाबा, आता तुमच्या आवडीचं. जेड म्हणून विकले जाणारे खरे दगडसुद्धा दोन आहेत. एक नेफ्राइट, दुसरा जेडाइट. दिसायला भाऊ-भाऊ, पण रसायन पूर्ण वेगळं. ही दोन वेगळी खनिजं आहेत हे दामूर नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८६३ साली दाखवून दिलं. जेडाइट जरा जास्त कठीण (मोह्‌जच्या मापावर साडेसहा ते सात, नेफ्राइट सहा ते साडेसहा) आणि जडही. त्याचं विशिष्ट गुरुत्व ३.३च्या थोडं वर, नेफ्राइटचं २.९५च्या आसपास. पण ओरखडा न उठणं वेगळं आणि न फुटणं वेगळं. चिवटपणात नेफ्राइट पुढे, कारण त्याचे सूक्ष्म तंतू घोंगडीतल्या लोकरीसारखे एकमेकांत घट्ट अडकलेले असतात. लोकांनी हजारो वर्षांपूर्वी त्याच्या कुऱ्हाडी केल्या त्या उगाच नाहीत.

पैसा मात्र जेडाइटकडे गेला. इथे हाँगकाँगमध्येच २०१४ साली सत्तावीस मण्यांची एक जेडाइटची माळ लिलावात एकवीस कोटी हाँगकाँग डॉलरच्या वर गेली. घेणारी कार्तिए ही फ्रेंच जवाहिरांची पेढी. तो पाचूसारखा पारदर्शक हिरवा रंग क्रोमियममुळे येतो आणि असा माल जवळजवळ सगळा म्यानमारचा. त्यामुळे फसवाफसवीही जेडाइटमध्येच सगळ्यात जास्त.

ती कशी चालते ते मला इथे राहून कळलं. डागाळलेला, तपकिरी छटेचा स्वस्त दगड घ्यायचा, तो आम्लात मुरवून डाग काढायचे. त्यात दगड आतून पोखरला जातो, मग त्या पोकळ्यांत रेझिन (राळेसारखं कृत्रिम द्रव्य) भरायचं. वरून पॉलिश केलं की झाली बांगडी नितळ, उजळ. याला 'बी' म्हणतात. नुसता रंग चढवला तर 'सी', दोन्ही केलं तर 'बी अधिक सी'. काहीही न करता फक्त कापून, घासून, वरून मेण लावलेला तो 'ए'. म्हणजे आई, ए-बी-सी ही परीक्षेतली श्रेणी नव्हे. 'ए' बांगडी फिकट, ढगाळ, साधी असू शकते आणि 'बी' बांगडी डोळे दिपवणारी. पण रेझिन वर्षांनुवर्षांत पिवळं पडतं, ठिसूळ होतं, आणि पोखरलेला दगड मुळात कमकुवतच.

माझ्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या आईला घेऊन मी याउ मा तेईच्या जेड बाजारात गेले होते. एका मोठ्या मांडवाखाली टपऱ्यांच्या रांगा, आणि प्रत्येक टपरीवर गजाला ओवलेल्या बांगड्यांच्या चळती. मावशींनी (मी त्यांना मनातल्या मनात मावशीच म्हणते) एक बांगडी दोऱ्याला टांगली आणि दुसरीने हलकेच टोकली. टिण्ण असा बारीक, लांबणारा आवाज. मग शेजारच्या टोपलीतली एक उचलून तसंच केलं, तर नुसतं टक. त्यांनी ती न बोलता टोपलीत परत टाकली. विकणारी बाईसुद्धा हसली. मग त्यांनी पर्समधून छोटी विजेरी काढली आणि बांगडीच्या पोटाला लावून हळूहळू फिरवली. एका जागी पांढरट रेघ दिसली, तिच्यावरून नख ओढलं. नख अडकलं नाही. दगड तयार होतानाच पडलेली आणि तेव्हाच भरून आलेली ती शीर, तिचं काही वाटून घ्यायचं नाही. नख अडकलं तर ती तडा, आणि तडा बांगडीला आडवा गेलेला असेल तर ती कितीही सुंदर असो, घ्यायची नाही, कारण धक्का बसला की तिथेच दोन तुकडे.

बाबा विचारतील, हे आवाज-बिवाज शास्त्रीय आहे का? अर्धंच. चांगलं भरलेलं 'बी' कधीकधी कानाला चकवतं. खात्री प्रयोगशाळेत इन्फ्रारेड तपासणीत होते, तिथे रेझिन लपत नाही. इथे तर २०१६ पासून 'फेई त्सुई' (जेडाइटच्या दगडाचं चिनी नाव) कशाला म्हणायचं याची कायद्यात व्याख्याच आहे. जेडाइट, ओम्फसाइट आणि कॉस्मोक्लोर या तीनपैकी एका किंवा अधिक खनिजांचा मुख्यतः बनलेला दगड म्हणजे फेई त्सुई, आणि रचना किंवा रंग बदलणारी प्रक्रिया केली असेल तर त्याला नैसर्गिक म्हणता येत नाही. तेव्हा मी जे घेईन ते प्रमाणपत्रासकटच घेईन, त्यावर बांगडीचा फोटो, वजन आणि माप असेल. बाबांनी भिंग लावून वाचावं.

इतकं वाचून वाटेल की मी जेडाइट घेणार. नाही, नेफ्राइट घेतेय. पैशाचा भाग आहेच, नाकारत नाही. पण म्यानमारचा जेडाइट येतो काचिन राज्यातल्या फाकांतच्या खाणींतून. तिथे यंत्रांनी डोंगर पोखरून मातीचे कडे उभे करतात आणि त्या राडारोड्यात गरीब माणसं हातांनी दगड शोधतात. २ जुलै २०२० ला पावसात तो ढिगारा खाणीच्या तळ्यात कोसळला आणि पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. बाजारातली प्रत्येक बांगडी रक्ताची आहे असं मी म्हणत नाही, जुनी आजीची बांगडी घालणाऱ्या बाईचा तर काही संबंधच नाही. पण नवी घ्यायची तर मला ती नकोशी वाटली. मैत्रिणीला हे माझं खूळ वाटतं. वाटू दे.

आणि नेफ्राइट म्हणजे दुय्यम असं मुळीच नाही. चीनमध्ये शेकडो पिढ्यांनी पूजलेला दगड हाच, तिथल्या पश्चिमेकडच्या खोतानच्या नद्यांत सापडणारा. आपल्याकडे मुघलांनाही हाच लाडका. शाहजहानचा १६५७चा पांढऱ्या नेफ्राइटचा पेला लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. खाली फुललेलं कमळ आणि मूठ म्हणजे बकऱ्याचं डोकं. तुम्ही दोघांनी हैदराबादच्या सालारजंगमध्ये जेडच्या वस्तू बघितल्या असतील, तीच परंपरा. आईसाठी मी पाहिलेली बांगडी कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या दगडाची आहे. पालकाच्या पानाचा गडद हिरवा, आत मिरीच्या दाण्यांएवढेही नाहीत असे काळे ठिपके. हे ठिपके काही लोकांना दोष वाटतात. मला त्यांच्याचमुळे ती आवडली. अंगाला लावली की आधी गार लागते आणि मिनिटभरात हाताइतकीच ऊबदार होते.

एवढीशी बांगडी महाग का, हे बाबांनी विचारण्याआधीच सांगते. ती अखंड दगडाच्या लादीतून गोल कापतात. त्या गोलात कुठे तडा असेल तर बांगडी होतच नाही, मग त्याची लहान पदकं, मणी होतात. बांगडीच्या मधून निघणाऱ्या चकतीचंसुद्धा पदक करतात.

आता आई, तुझ्या हाताचं. इथल्या बायका बांगडी अगदी बेताची घालतात. हाताला साबण किंवा लोशन लावून, किंवा हातावर प्लॅस्टिकची पिशवी चढवून, खाली मऊ टॉवेल अंथरून ती भरतात आणि मग वर्षानुवर्षं काढत नाहीत. मावशींची लहानपणी घातलेली आहे, आता निघतच नाही. त्यांना त्याचा अभिमान आहे. बांगडी सैल असली की दारा-टेबलावर आपटते, म्हणून बेताची, हे त्यांचं म्हणणं बरोबरच आहे. पण तुझ्या बोटांचे सांधे सकाळी सुजतात, अंगठ्याचं मूळ दुखतं. उद्या हात सुजला किंवा सलाईन लावायची वेळ आली आणि बांगडी निघाली नाही, तर ती हिऱ्याच्या चकतीने कापावी लागेल. नेफ्राइटचा चिवटपणा त्या वेळी आपल्याच मुळावर येईल. म्हणून मी थोडी मोठी घेणार, तुझी तुला काढता-घालता येईल अशी. आपटली तर आपटली.

तू काचेच्या बांगड्या दोन-सहाच्या घालतेस, म्हणजे आतला व्यास साधारण साठ मिलिमीटर. पण ती पातळ असते, जेडची जाड असते, त्याच मापाची जाड बांगडी हातातून जाताना जास्त अडते. म्हणून नुसत्या त्या आकड्यावर मी घेणार नाही. अंगठा करंगळीकडे वळवून तळव्यात दाब, हात जितका बारीक होईल तितका कर आणि बोटांच्या मुळाशी जिथे सगळ्यात रुंद आहे तिथलं माप बाबांना व्हर्निअरने घेऊ दे. ते बांगडीच्या व्यासापेक्षा जास्तच येईल, घाबरू नकोस, हात दबतो. डाव्या हाताचं घ्या. इथे डाव्याच हातात घालायची पद्धत आहे, आणि तुझं सगळं काम उजव्याने, त्यामुळे सोयीचंही तेच.

एक ऐक मात्र. त्या हातात सोन्याच्या पाटल्या नकोत. तुला वाटेल दगडाला चरे पडतील, पण उलट आहे, सोनं मऊ, जेड कठीण, चरे पाटल्यांना पडतील. दोन जेडच्या बांगड्या शेजारी घातल्या तर त्या एकमेकींवर आपटून टवके उडतात, म्हणून एकच. भांडी घासताना, ब्लीच वापरताना काढून ठेव, वरचं मेण जातं आणि चकाकी उतरते. एरवी साधा साबण, कोमट पाणी, मऊ फडकं. तेवढंच.

आणि ती कपाटात ठेवायची नाही. तू काय करशील ते मला ठाऊक आहे. लाल मखमली डबीत, साडीच्या घडीत, 'कार्याला घालीन' म्हणून. मावशी म्हणतात, बांगडी घालत राहिलं की तिचा रंग खुलतो. हे कितपत खरं कोण जाणे, रोजच्या घासण्याने आणि अंगाच्या तेलाने चकाकी येत असेल एवढंच मला पटतं. त्यांच्यात असंही मानतात की बांगडी वाढली तर घालणारीवरचं संकट तिने अंगावर घेतलं. बाबा हसतील. तू मात्र हे मानणारच, तर मान. उद्या ती फुटली तर रडत बसू नकोस. दोन्ही तुकडे जपून ठेव, सोन्याची पट्टी घालून जोडतात इथे, आणि तशी जोडलेली बांगडी दिसतेही छान.

माप सकाळी उठल्यावर एकदा आणि दुपारी एकदा घ्या, दोन्ही आकडे पाठवा. मी त्यातला मोठा धरीन. दुकानातून घ्यायच्या आधी व्हिडिओ कॉल लावीन, आई, तेव्हा "राहू दे" म्हणायचं नाही, रंग आवडला नाही तर तसं स्पष्ट सांगायचं. तिथे फिकट राखाडी-हिरवीही एक आहे.

बाबा, किंमत बिलावर असेल आणि बिल माझ्याकडे राहील. गुडघ्याला लावायचं ते तेल संपलं असेल तर कळवा, मी येतेच आहे.

तुमची,
धाकटी