खंबाटकीच्या पायथ्याच्या वायरमन दादांचे आभार

जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरची कॅम्पर (आत राहता-झोपता येईल अशी गाडी) करताना मागच्या १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीला अल्टरनेटरवरून (इंजिनावर चालणारा वीज बनवणारा भाग) फक्त २.५ चौरस मिमीची वायर ओढली होती, मध्ये फ्यूजही नाही. उतरलेली बॅटरी चार्ज होताना ३०-४० अँपिअर सहज ओढते. घाटात वायर तापली, पत्र्याच्या भोकापाशी आवरण वितळलं आणि गाडीत जळका वास भरला.

रात्रीचे साडेनऊ. दादा शटर ओढत होते, तरी थांबले. आधी दोन्ही बॅटऱ्यांचे निगेटिव्ह काढले. मग १६ चौरस मिमीची तांब्याची केबल, तिच्या टोकांना दाबून बसवलेले थिंबल (जोडणीच्या धातूच्या टोप्या) आणि ६० अँपिअरचे दोन फ्यूज. दोन का? केबलच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे, पुढे गाडीची आणि मागे ही, शॉर्ट झाला तर करंट दोन्हीकडून येतो. फ्यूज पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरातच हवा, हे त्यांनी दोनदा बजावलं. पत्र्याच्या धारेवर जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून बसवला. इंजिन चालू करून मीटर लावला: १४.२ व्होल्ट.

पैसे घेतले ते फक्त सामानाचे. निघताना पाहिलं, तर बॅटरीच्या झाकणाच्या आतून टेपने एक जादा फ्यूज चिकटवून ठेवलेला. दादा, तो अजून तिथेच आहे. मनापासून आभार.